९०० पैकी ५४८

फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात एक ठरत आलेलं लग्न मोडलं. दोन्हीकडची पसंती झालेली. पण मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल स्कोर बघायचा हट्ट धरला, आणि बघतात तर मुलाच्या नावावर निरनिराळ्या बँकांची कर्जं. बैठक तिथंच उठली. ही बातमी मेहुण्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, ‘दाजी, तुमचं लवकर उरकलं म्हणून वाचलाव.’

वाचलो हे खरं आहे. माझं लग्न २००४ सालचं. सिबिल त्याच्या चार वर्षं आधी, २००० सालीच मुंबईत सुरू झालं होतं, पण आमच्या सासऱ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बोअरला पाणी किती इंच?’ वडिलांनी ‘दोन इंच’ म्हणून सांगितलं आणि सुपारी फुटली. तो बोअर पुढच्याच उन्हाळ्यात आटला; लग्न टिकलं. भटजी छत्तीस गुण बघतात, आणि सिबिलच्या अहवालात मागच्या छत्तीस महिन्यांचे हप्ते मांडलेले असतात. आकडा तोच. फक्त भटजींना दक्षिणा वाढवून दिली तर दोन-चार गुण इकडचे तिकडे होतात, इथं ती सोय नाही.

शिवाय लग्नाचं एक बरं असतं, एकदा लागलं की लागलं. भाड्याच्या घरासाठी माणसाला दर अकरा महिन्यांनी बाशिंग बांधून उभं राहावं लागतं. त्यात तो कर्जात बुडून नुकताच काठाला लागलेला असला, तर बघायलाच नको.

माझं झेरॉक्सचं दुकान होतं, कॉलेजच्या वाटेवर. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, अर्जंट फोटो, स्कॉलरशिपचे फॉर्म. परीक्षेच्या दिवसांत बारीक अक्षरांच्या मायक्रो झेरॉक्सलाही बरी मागणी असायची. ती कशासाठी लागते हे मी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. मोठं मशीन हप्त्यावर घेतलं. त्याच्या हप्त्यासाठी पर्सनल लोन घेतलं. पर्सनल लोनच्या हप्त्यासाठी बायकोनं महिला गटातून उचललं. आणि या सगळ्यांचे हप्ते भरत हिंडायला मोटारसायकल लागायला लागली, म्हणून तीही हप्त्यावर घेतली. कागदावर सगळं व्यवस्थित बसत होतं. मग मार्च २०२० उजाडला. कॉलेज बंद झालं, नोट्स मोबाइलवर गेल्या, आणि कागद नावाची वस्तू जगाला लागेनाशी झाली. रिझर्व्ह बँकेनं हप्ते सहा महिने पुढं ढकलायची मुभा दिली, ती आम्ही आनंदानं घेतली. व्याजाला मात्र कुणी लॉकडाऊन लावला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण हे ज्याच्या घरात झालंय त्याला माहीत आहे आणि ज्याच्या नाही त्याला खोटं वाटेल. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीतच्या वाटेला लागतं आणि फोन सुरू होतात. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आमच्या वाट्याचा वसुलीवाला दंडकाचा पक्का होता. सकाळी आठला, ना एक मिनिट अलीकडं ना पलीकडं. बायकोनं भिंतीवरचं घड्याळ त्याच्या फोनवर लावून घेतलं होतं.

शेवटी मशीन विकलं, मोटारसायकल ते येऊन घेऊन गेले, आणि भावकीच्या वाटणीत आलेलं राहतं घर विकून उरलेली तोंडं बंद केली. एका फायनान्स कंपनीनं ‘एवढे एकरकमी भरा, बाकीचं सोडून देऊ’ म्हणून सांगितलं. भरले. त्यांनी तडजोड झाल्याचं पत्र दिलं. मी त्या पत्राचं लॅमिनेशन केलं असतं, पण मशीन गेलं होतं. नंतर कळलं की पूर्ण फेडलेल्या खात्यापुढं एक शेरा पडतो, तडजोडीच्या खात्यापुढं दुसरा; आणि तो दुसरा शेरा दिसला की बँकेतला साहेब चष्मा काढून पुसायला घेतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची बेबाकी विठोबानं स्वतः बेदरच्या दरबारात जाऊन आणली, पावतीसकट, असं आपण कीर्तनात ऐकतो. पावती पूर्ण रकमेची होती, हे त्या आख्यानातलं मर्म मला पन्नाशीला आल्यावर समजलं. विठोबानं तिथं तडजोड केली असती, तर पंतांनाही पुढं बेदरात कुणी उभं केलं नसतं.

तर, घर गेलं आणि आम्ही खोली बघायला लागलो.

आमचं कळंब म्हणजे पुणे नव्हे. इथं खोल्या ब्रोकरकडं मिळत नाहीत. बसस्थानकासमोर चहा घेताना ‘एखादी खोली असली तर सांगा’ असं कुणाला तरी म्हणायचं, की संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी आत्याच्या माळवदावरच्या दोन खोल्या निघतात. ढोकी रस्त्याला निघतात, येरमाळ्याच्या वाटेला निघतात, डिकसळच्या बाजूला जरा स्वस्त निघतात. खोल्या निघायला अडचण नाही. अडचण पुढं आहे. कळंबात भाडेकरू म्हणजे बाहेरगावचा माणूस: तलाठी, ग्रामसेवक, बँकेतला कारकून, नव्यानं लागलेला मास्तर, खेड्यावरून आलेली कॉलेजची पोरं. या लोकांनी भाड्यानं राहावं हे सृष्टीनियमाला धरून आहे. गावच्याच माणसानं गावातच खोली मागितली की मालकाच्या भुवया टोपीत जातात.

‘गाव कुठलं म्हनायचं तुमचं?’

‘हितलंच की, कळंबचं.’

‘हितलंच? मग भाड्यानं कशाला बघूलालाव?’

या प्रश्नाला उत्तर नाही. बदलीवर आलो म्हणता येत नाही. एकदा मी म्हणालो, ‘घराचं काम काढलंय.’ मालक शांतपणे म्हणाले, ‘कुणी? तुम्ही, का ज्यांनी इकत घेतलं त्यांनी?’

तेव्हा मला उमगलं की आपण ज्याला सिबिल सिबिल म्हणून घाबरतो ती फार कच्ची संस्था आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरा दिवसांनी तिच्याकडं माहिती पाठवावी लागायला लागली; त्याआधी महिन्यानं जायची. कळंबात माहिती चहा निवायच्या आत जाते. सिबिलसारख्या कंपन्या देशात चार आहेत, आमच्या एकट्या आळीत तेवढ्या निघतील: किराणावाला, न्हावी, पिठाची गिरणी, आणि समोरच्या आक्का. सिबिल जुन्या नोंदी किमान सात वर्षं ठेवतं. गावाच्या नोंदींना मुदत नसते. एका म्हाताऱ्या मालकानं माझं आडनाव ऐकलं, बराच वेळ वर पाहिलं आणि विचारलं, ‘तुमच्या आज्यानं आमच्या वडलाचे हाली रुपये नेले होते, ते दिले का नाहीत पुन्हा?’ हाली म्हणजे निजामाचं नाणं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, पुढं त्याचं नाणं गेलं, जिल्ह्याचं नावसुद्धा उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण आज्याचं खातं चालूच. मी म्हणालो, ‘नाना, आता फेडायचे तर हाली आणू कुठून?’ नाना म्हणाले, ‘तेच तर.’ आणि खोली मिळाली नाही.

मिळणार नाही असं कुणी म्हणत नाही, हे मात्र सांगायला हवं. कळंबचा माणूस कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. भाचीला द्यायची ठरलीय, पोराला अभ्यासाला लागतीय, पितृपक्ष चालू आहे तो सरू द्या. एका बाईंनी तर खोलीत भूत आहे म्हणून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ते भूत महावितरणमधल्या एका माणसाला भाड्यानं दिलं.

कुणी जरा स्पष्ट असला तर विचारायचा, ‘एकशेएक निघालंय का?’ सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला वसुलीचा दाखला मिळतो. पतसंस्थांची कर्जं सिबिलमध्ये बहुधा दिसत नाहीत, म्हणून आमच्याकडं पत मोजायचं माप हे. ‘त्याचं एकशेएक झालंय’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. लोक आपोआप आवाज खाली घेतात. माझं निघालेलं नव्हतं. ते मी छाती काढून सांगायचो. समोरचा म्हणायचा, ‘निघंल की, घाई काय हाय.’

खरं म्हणजे माणूस पक्का की कच्चा हे तपासायची रीत आपल्याच जिल्ह्यात निघाली. ढोकीच्या पुढं तेर आहे. तिथं गोरोबाकाकांकडं संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं भाजलंय का कच्चं ते बघायला. मग आमची मडकीही बघा की. काकांनी ओळीनं सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं हाणलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे कुरकुरले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. मला या गोष्टीत नामदेवांबद्दल फार वाटतं. भर सभेत कच्चं ठरल्यावर माणूस काय करणार? ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले, गुरू केला, पक्के झाले. पण एक लक्षात घ्या, काकांनी प्रत्येकाचं मडकं स्वतःच्या हातानं वाजवून बघितलं. फोनवर ओटीपी मागवला नाही.

ओटीपी मागितला तो गुरुजींनी.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. फंडातून बांधलेलं घर, खाली दोन खोल्या रिकाम्या, अंगणात बोअर, भाडं महिना साडेतीन हजार. मी गेलो तेव्हा ते पेपर वाचत होते. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, ‘ती बारकी झेरॉक्स तूच काढायचास ना?’

मी मान खाली घातली.

‘अक्षर सुबक यायचं. माझ्याच वर्गात सापडल्यात कितीक.’ मग चष्मा वर करून म्हणाले, ‘खोली देतो. सिबिल घेऊन ये.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. गुरुजींचा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे; कंपनीनं त्याला दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं. तिथं घर भाड्यानं घ्यायला गेला तर मालकानं शुफाचा दाखला मागितला. शुफा म्हणजे जर्मनांचं सिबिल, १९२७ साली बर्लिनमध्ये निघालेलं. हप्त्यावर विजेची उपकरणं नेणाऱ्यांची पत बघण्यापासून त्याची सुरुवात झाली. मुलगा तिथून परत येताना चॉकलेटं घेऊन आला आणि हा विचार घेऊन आला. चॉकलेटं लगेच संपली.

मी सगळे मुद्दे मांडून पाहिले. म्हणालो, २००५ च्या कायद्यानं हा अहवाल बँका आणि वित्तसंस्थांसारख्या ठरलेल्या मंडळींनाच मागवता येतो, घरमालक त्यात येत नाही. गुरुजी म्हणाले, ‘मी कुठं मागवूलालोय? तुझा तू काढ नि मला दाखव.’ म्हणालो, पीककर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असं खुद्द मुख्यमंत्री फडणवीसांनी बजावलंय. गुरुजी म्हणाले, ‘तू पीक हायेस का?’

निघालो अहवाल काढायला. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीनं हा अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तो काढायला मी ज्या ऑनलाइन सेंटरवर गेलो, त्याचा मालक पूर्वी माझ्याच दुकानात कामाला होता. पोरगा गुणी आहे. उठून उभा राहिला, पाया पडला, पॅन नंबर घातला, ओटीपी विचारला, प्रिंट हातात दिली आणि म्हणाला, ‘पन्नास झाले, सर.’

‘अरे, फुकट असतं ते.’

‘अहवाल फुकट, सर. प्रिंटचे पन्नास. तुम्हीच शिकवलं.’

अहवाल हा वाचनीय प्रकार आहे. आपण कुठं कुठं राहिलो, कुठले फोन वापरले, कुणाकुणाच्या दारात कर्ज मागायला जाऊन आलो आणि कुणी हाकललं, सगळं तारीखवार. आत्मचरित्र लिहायचं तर याला चाल लावली की झालं. शेवटी आकडा: ५४८.

मी तो कागद घडी करून गुरुजींपुढं ठेवला. गुरुजींनी खिशातलं लाल पेन काढलं. सवय असते. कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, खाली रेघ मारली. ‘कितीपैकी?’

‘नऊशेपैकी.’

गुरुजींनी मनात भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘पाचशे अठ्ठेचाळीस भागिले नऊशे. साठ पॉइंट आठ नऊ.’ आत वळून हाक मारली, ‘अहो ऐकलं का, फर्स्ट क्लास हाय पोरगं! च्या टाका.’

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी फर्स्ट क्लास म्हणत होतं, त्यामुळं मी मध्ये बोललो नाही. चहा आला. खोलीची किल्लीही आली. तेवढ्यात हिंजवडीचा फोन आला, आणि गुरुजींनी मोठ्या आनंदानं स्पीकर लावला.

‘अप्पा, पाचशे अठ्ठेचाळीस म्हणजे काहीच नाही. स्कोर सुरूच तीनशेपासून होतो.’

गुरुजी गोंधळले. ‘तीनशेपासून? पेपर कोरा दिला तरी तीनशे? एवढे ग्रेस?’

‘ग्रेस नाही अप्पा, स्केल आहे ते.’

गुरुजींनी लाल पेन पुन्हा उघडलं. तीनशे वजा केले. उरले सहाशेपैकी दोनशे अठ्ठेचाळीस. ‘एक्केचाळीस टक्के,’ ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, जरा समजुतीच्या सुरात, ‘पास हाय की. पस्तीसला पास असतंय.’

‘अप्पा, साडेसातशेच्या खाली बँका दारात उभं करत नाहीत.’

‘मी बँक न्हाई, मास्तर हाय. मी आजवर एक्केचाळीसवाल्याला वर्गाबाहेर काढलं न्हाई.’ पण आवाजातला जोर गेला होता. किल्ली टेबलाच्या माझ्या बाजूवरून हळूहळू त्यांच्या बाजूला सरकत होती.

आता राहवलं नाही. मी म्हणालो, ‘गुरुजी, तुमचा किती आहे?’

गुरुजी हसले. त्यांनी कधी कुणाचे दहा रुपये बुडवले नाहीत. घर फंडातून बांधलं, फ्रीज रोख घेतला. शिक्षकांच्या पतसंस्थेतून एकदा मुलीच्या लग्नाला उचललं, ते पगारातून कापून गेलं. ते म्हणाले, ‘माझा बघायची गरज न्हाई, पण तुझ्या समाधानासाठी बघू.’ ऑनलाइन सेंटरचा पोरगा लॅपटॉप घेऊन घरीच आला. घरपोच सेवेचे शंभर घेतो. ओटीपी गेला, चक्र फिरलं, आणि आकडा आला.

उणे एक.

मराठी शाळेच्या इतिहासात असा शांततेचा तास झाला नसेल. गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा बघितला. ‘उणे? मी चाळीस वर्षांत कुणाला उणे मार्क दिले न्हाईत. कॉपी करताना सापडला त्यालासुद्धा शून्य दिलं.’

फोनवरून मुलानं समजावून सांगितलं: ज्यानं बँकेचं कर्जच काढलेलं नाही त्याचा इतिहासच नसतो, म्हणून उणे एक. गुरुजींना ते पटेना. आणि त्यात त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडं सातबारा कोरा असणं हे पुण्य मानतात. निवडणुका त्या कोऱ्यावर लढल्या जातात. २०१७ साली दीड लाखापर्यंतची कर्जं माफ झाली, २०१९ साली दोन लाखांपर्यंतची. बोजा उतरलेल्या उताऱ्याला लोकांनी हळदकुंकू वाहिलं असेल. आणि हे कोण लोक, जे कोरा कागद बघून उणे एक देतात? जन्मभर कुणापुढं हात न पसरलेला माणूस आणि मी, यात या हिशेबानं मी पाचशे एकोणपन्नासांनी पुढं. वजाबाकी मी मनातच केली. गुरुजींनीही केली असावी, कारण ते एकदम म्हणाले, ‘हे गणित चुकलंय.’

माझंही मत तेच आहे. मी किराणावाल्याची उधारी एकदाही ठेवली नाही, पोराची फी थकवली नाही, लाइट बिल भरलं, लॉकडाऊनमध्ये दुकानाचं भाडं अर्धं तरी देत राहिलो. यातलं एक अक्षर त्या अहवालात नाही. पुढं खोलीचं भाडं मी दर एक तारखेला दिलं तरी तेही त्यात जाणार नाही. आमच्यासारख्याची उधारी आणि भाडं म्हणजे निम्मा व्यवहार. तो चोख ठेवल्याचे गुण नाहीत, मोटारसायकलचा हप्ता चुकल्याचे मात्र छत्तीस चौकोन. नोंद चुकीची असली तर तक्रार करता येते. तीस दिवसांत निवारण नाही झालं तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. माझ्या नोंदी चुकीच्या नव्हत्या, हीच पंचाईत. सगळ्या खऱ्या, आणि सगळ्या एकाच बाजूच्या.

पेच सोडवला तो बाईंनी. गुरुजींच्या मंडळी इतका वेळ दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘ह्याचं ऱ्हाऊ द्या न् तुमचंबी ऱ्हाऊ द्या. ह्याच्या बायकोचं बघा की.’

माझी बायको आणि त्यांची सून एकाच महिला गटात होत्या. आठवड्याला बैठक, आठवड्याला हप्ता, आणि एकीनं नाही भरला तर बाकीच्यांनी भरायचा. अशा गटात हप्ता चुकवणं म्हणजे आळीतून जायचं-यायचं बंद. त्यामुळं माझ्या मशीनचे हप्ते थकले, मोटारसायकल गेली, घर गेलं, पण गटाचा हप्ता गेला. कानातलं मोडून गेला, हे मला त्या दिवशी कळलं. तिला फोन करून तिचा पॅन नंबर पोराला सांगितला. शंभराच्या जागी दीडशे म्हणाला.

७६१.

‘टक्केवारी काढू का?’ मी विचारलं. गुरुजी म्हणाले, ‘गप बस.’

करार बायकोच्या नावानं करायचं ठरलं. गुरुजींचा विचार तोंडीच भागवायचा होता. मग मी सूड उगवला. म्हणालो, गुरुजी, अकरा महिन्यांचा करार का करतात माहीत आहे? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून लोकांनी बारावा महिना कापला. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदवलेला करार नसला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात. खोटं ठरवायचं तर मालकानं ठरवावं.

गुरुजींनी मायक्रो झेरॉक्सवाल्याकडं बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी नोंदणीला निघाले. पूर्वी असले कागद शंभराच्या बाँडवर भागायचे. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचे बाँड गेले, पाचशेला हात घालावा लागतो. या पाचशेवर गुरुजी वाटभर बोलले. करारात अटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिल्या: पाणी जपून वापरणे, रात्री दहानंतर मिक्सर न लावणे, आणि जागेत कोणत्याही प्रकारची झेरॉक्स न काढणे. सही बायकोची. माझं नाव ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात, पोराच्या खाली.

गुरुजींनी मधल्या काळात मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेतलंय. दर महिन्याला त्यावर दोन लिटर गोडं तेल आणतात आणि बिल आल्याच्या दिवशीच भरतात. आकडा उण्यातून अधिकात आला की मला दाखवणार आहेत. हिंजवडीच्या मुलाचा परवा फोन होता: त्याला नवीन फ्लॅटचं कर्ज हवंय, त्याचे क्रेडिट कार्डाचे दोन हप्ते राहिलेत, त्याचा आकडा त्यानं अजून अप्पांना सांगितलेला नाही. मी विचारलेला नाही. भाडेकरूनं मालकाच्या घरात बोलू नये.

वरच्या खोलीतला ग्रामसेवक बदलून चाललाय, तेव्हा दिवाळीनंतर ती रिकामी होईल. हवा चांगली आहे, बोअरला मे महिन्यापर्यंत पाणी असतं, गुरुजी माणूस सज्जन. कुणाला बघायची असेल तर या. पण येताना बायकोला घेऊन या, आणि अहवाल तिचाच काढा.